फाटकातून परत आलेली टोपली

वडील गेले तेव्हा मी तिसरीत होते, आणि आमच्या घरचा तलावातला वाटा त्याच महिन्यात बंद झाला. कोणी वाईट वागलं म्हणून नाही, गावाचा नियमच तसा होता. तलावात जाळं ओढलं की मासोळी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, आणायची आणि जितके ओढणारे तितके ढीग घालायचे. ज्याच्या घरचा माणूस पाण्यात उतरला त्याच्या घरी एक ढीग जायचा. आमच्या घरून पाण्यात उतरणारं आता कोणी उरलं नव्हतं. ढीग घालायचं काम वडिलांकडे असायचं, त्यांचा हात सारखा पडतो असं लोक म्हणत. ढीग घालणाऱ्यानं सगळ्यांच्या शेवटी उचलायचं आणि जो उरेल तो घ्यायचा, हाही नियमच. त्यामुळे आमच्या घरी मोठी मासोळी कधी आली नाही, आणि मायला त्याचा ताठा होता.

वडिलांच्या मागं माय पहाटे पाळीवर जाऊन दुसऱ्यांच्या ढिगातली मासोळी विकत घ्यायची. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर टोपली, आणि पायी सहा-सात गावं. लोक मासोळीच्या बदल्यात तांदूळ द्यायचे. संध्याकाळी टोपलीत एकतर तांदूळ असायचा, नाहीतर न विकलेली मासोळी. मासोळी उरली की आम्ही दोघी तीच खायचो, नुसती, भाताशिवाय. रोज मासोळी खाणारं घर म्हणजे सुखी घर, असं आमच्या कॉलेजातल्या एका मॅडम एकदा म्हणाल्या होत्या. भाताशिवाय मासोळी चार दिवस खाऊन पाहिली असती तर त्या तसं बोलल्या नसत्या.

पावसाळ्यात घरात एकच कोपरा कोरडा राहायचा. तिथं माझं दप्तर असायचं. आम्ही दोघी त्याच्या बाजूला.

मी पाचवीत असताना एका संस्थेचे कार्यकर्ते गावात यायला लागले. त्यांना सगळं गाव भाऊ म्हणायचं. परदेशातली माणसं आपल्याकडच्या एकेका मुलीच्या शिक्षणाचा भार उचलतात, असं त्यांनी शाळेच्या ओट्यावर बसून सांगितलं. माझ्या नावावर दूरच्या एका थंड देशातली एक बाई आली.

माय म्हणाली, "त्या बाईनं आपल्याले पाह्यलं नाई, आपन तिले पाह्यलं नाई. मंग ते आपल्यासाठी काऊन करते?"

"त्यायच्या तिकडे रीत आहे, बाई," भाऊ म्हणाले.

"तिले लेकरं नाईत का?"

"आहेत ना."

"मंग?"

भाऊंनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि टोपी परत घातली.

पण वह्या आल्या. गणवेश आला. दप्तर, परीक्षेची फी, एकदा तर पायात घालायला बूट. जे मिळालं ते मी नाकारणार नाही. त्या वह्यांवर मी शिकले.

प्रश्न सातवीनंतर आला. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच. आठवीसाठी बाजाराच्या गावी जायचं, पाच किलोमीटर, मधला रस्ता सागवानाच्या जंगलातून. त्या उन्हाळ्यात नाल्याजवळ वाघानं एक गोऱ्हा मारला होता. सातवी पास झालेल्या आम्ही चार मुली होतो आणि चौघींच्या घरी एकच बोलणं चाललं होतं, आता शाळा पुरे.

तेव्हा भाऊ कॅमेरा घेऊन आले. म्हणाले, बाहेरच्या लोकांनी मुलींसाठी सायकली दिल्या आहेत. आम्ही चौघी उड्या मारायला लागलो. सायकली कुठं आहेत विचारलं तर म्हणाले, "येनार आहेत पोरी. पन वरून फोटो आधी मांगतला." मग त्यांनी स्वतःची सायकल आणून शाळेपुढं उभी केली. काळी, उंच, मधला दांडा असलेली, कॅरियरला रबरी पट्टा. नवी दिसावी म्हणून त्यांनी माझ्या एका वेणीची लाल रिबन सोडून हँडलला बांधली. फोटोत मी हँडल धरून उभी आहे, सीट माझ्या खांद्याला लागते आहे, आणि एक वेणी सुटलेली आहे. माझ्यानंतर त्याच सायकलीजवळ बाकीच्या तिघी उभ्या राहिल्या. प्रत्येकीची रिबन बांधली गेली आणि परत सोडली गेली.

मग भाऊंनी पत्र सांगितलं आणि मी लिहिलं. सायकल खूप आवडली, मी रोज सायकलीनं शाळेत जाते, तुमचे आभार. अक्षर माझंच होतं. मला कोणी मारलं नव्हतं, धमकावलं नव्हतं. सायकल येणारच आहे तर चार दिवस आधी लिहिलं, असं मी स्वतःला समजावलं.

सायकली आल्या नाहीत. भाऊ त्यानंतर दोनदा आले. दुसऱ्यांदा आमच्या गल्लीत न शिरता मागच्या पांदणीच्या वाटेनं गेले. मायनं त्यांना पाहिलं. "त्याचं बी कोनी ऐकत नसन वरतं," एवढंच म्हणाली. तिनं त्यांना शिवी दिली नाही, म्हणून मीही देत नाही.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी मायनं मला सांगितलं, "उद्या माह्यासंगं चाल."

तिनं आपला फेराच बदलला. इतकी वर्षं बांधलेली सहा-सात गावं सोडली आणि रोज बाजाराच्या गावी मासोळी विकायला लागली. तिथं आधीच दोघी मासोळीवाल्या बसायच्या. त्यांनी मायला बाजाराच्या शेवटच्या टोकाला, गुरांच्या दावणीजवळ जागा दिली. धंदा अर्ध्यावर आला. सकाळी ती मला शाळेच्या फाटकापर्यंत सोडायची आणि संध्याकाळी समोरच्या पळसाखाली रिकामी टोपली घेऊन बसून राहायची.

एक गोष्ट लिहायची मला लाज वाटते, पण लिहिते. संध्याकाळी परतताना बाजाराच्या गावात असेपर्यंत मी तिच्या दहा पावलं पुढं चालायची. वर्गातल्या मुली नाकाला ओढणी लावायच्या म्हणून. जंगल सुरू झालं की मी थांबायची आणि तिच्या बाजूनं चालायला लागायची. तिला ते कळत होतं. एकदा म्हणाली, "वाघ बरा व्हय बाई. त्याले मासोळीचा वास चालते."

असं तीन वर्षं. आमच्या चौघींतली एक मुलगी वर्षभर आमच्यासोबत चालली, मग तिचं लग्न ठरलं. बाकी दोघींनी आठवीचं तोंड पाहिलं नाही. मी दहावी झाले, बारावी झाले, चंद्रपूरला राहून बी.ए. झाले. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, आणि हे मी न विचारता सांगते. आज एका कॉलेजच्या लायब्ररीत नोकरी आहे. माय माझ्याजवळ राहते. टोपली तिनं सोडलेली नाही. बसून राहिलं तर पाय दुखतात म्हणते आणि मोहल्ल्यातल्या चार घरी मासोळी देऊन येते.

दोन वर्षांपूर्वी बाजाराच्या गावच्या शाळेतून हेडमास्तरांचा फोन आला. माझ्या नावानं परदेशातून पत्र आलं होतं. शाळेचा पत्ता, माझं नाव, आणि बाजूला लिहिलेलं: ही मुलगी कुठं आहे कोणाला माहीत असेल तर कृपया पोचवा.

पत्र त्या बाईंचं होतं. अक्षरं मोठी मोठी, थरथरती. वय खूप झालं आहे, डोळे कमजोर झाले आहेत असं लिहिलं होतं. ज्या संस्थेकडून त्या माझ्यासाठी करायच्या तिनं आमच्या भागातलं काम केव्हाच गुंडाळलं होतं. आता त्यांना वाटत होतं की जे काही मागं ठेवायचं ते माझ्या भागातल्या मुलींच्या शिक्षणासाठी ठेवावं. त्यांच्याकडे अनेक संस्थांचे रंगीत कागद येतात, पण हजारो मैलांवरून कोणावर भरवसा ठेवायचा ते कळत नाही. तू तिथली आहेस, लहानपणी मदत घेणाऱ्याच्या बाजूला उभी राहिलेली आहेस, तर तू निवडून दे. तू सांगशील तिथं देईन.

खाली एक ओळ होती. तुझा फोटो अजून माझ्या स्वयंपाकघरात भिंतीवर आहे. ती सायकल मला नेहमी उंच वाटायची. तू पडली नाहीस ना कधी?

मी मायला मराठी करून सगळं वाचून दाखवलं. ही शेवटची ओळ मात्र वाचली नाही. माय म्हणाली, "पुढचं वाच."

"संपलं."

"संपलं तं तोंड असं काऊन झालं तुह्यं?"

मग वाचली. माय टोपलीच्या कडेची सुटलेली काडी आत खोवत बसली. "तिले खरं सांगा लागते," म्हणाली.

"आता सांगून काय होणार माय? म्हातारी बाई आहे. तिला वाटू दे."

"तिनं तुले इचारलं ना, कोनावर भरोसा ठेवू? अन् तू खोट्या सायकलीवर बसून तिले सांगशीन?"

मी म्हटलं, आधी संस्था निवडू, मग पाहू. खरं म्हणजे मला भीती वाटत होती. खरं कळलं तर ती बाई सगळ्यांचाच नाद सोडून देईल आणि आमच्याकडच्या कुठल्याच मुलीला काही मिळणार नाही, आणि त्याला कारण माझं बारा-तेरा वर्षांची असतानाचं अक्षर ठरेल.

लायब्ररीत काम करते, त्यामुळे कागद कसे शोधायचे ते मला येतं. बाहेरच्या देशातून मदत घ्यायला सरकारची परवानगी लागते. ती ज्यांच्याजवळ नाही ती नावं पहिल्यांदा खोडली. मग ऑडिट झालेलं आहे का, दरवर्षीचा अहवाल आहे का, फोन केला तर कोणी उचलतं का, मुली कुठल्या गावच्या. मोठ्या कागदावर तक्ता केला आणि चंद्रपूर-गडचिरोली मिळून तीन संस्था उरल्या. तिन्ही मुलींची वसतिगृहं चालवणाऱ्या. एक नंबरवर जी होती तिची वेबसाइट अशी, की पाहतच राहावं. हसणाऱ्या मुली, फुलं, टाळ्या.

मी तक्ता मायपुढं धरला. तिला वाचता येत नाही, तरी तिनं तो नीट पाहिला.

"चांगला आहे," ती म्हणाली. "कागदावर तं तुह्याजवळ सायकल बी होती."

मग तिनं तिचा उपाय सांगितला. मासोळीवाली बाई मागच्या दारानं जाते. तिला कोणी सतरंजी टाकत नाही, हार घालत नाही, म्हणून तिच्यापुढं कोणी सोंगही करत नाही. चुलीवर काय शिजून राह्यलं, कोणासाठी कोणती मासोळी घेतली, लेकरं कशी बोलतात, सगळं दिसतं. "तू तुह्ये कागद पाह्य," ती म्हणाली. "मी मागचं दार पाह्यतो."

एक नंबरची संस्था मोठ्या रस्त्याला लागून होती. माय सकाळी गेली आणि दुपारी परत आली. "फाटक उघडं, मागचं दार उघडं. कोनी अडवलं नाई. मोठ्या साहेबासाठी मरळ घेतली, ही एवढी. म्हनलं, लेकरायले काय? तं म्हने, लेकरायले आलू आहे." तिनं बोटानं तक्त्यावरचं पहिलं नाव दाखवून विचारलं, "हेच ना ते?" आणि नखानं त्यावर रेघ ओढली. मी म्हटलं, मरळ महागाची मासोळी खरी, पण एका मरळीवरून असं ठरवता येत नाही. ती म्हणाली, "तुह्या बापानं ढीग घातले नाईत का? त्यानं कधी मरळ आनली घरी?"

दुसऱ्या संस्थेवरून मात्र ती खूश होऊन आली. "लय मायाळू लोकं. सीधं आतच नेलं. पोरी नळावर न्हाऊन राह्यल्या होत्या, तिथंच बसून मी मासोळी धुतली. चा पाजला. पोरीयसाठी दोन किलो झिंगे घेतले. एक मोटरवाला बी आला होता, नवे लोकं, त्यायले बी आत नेलं, पोरीयसंगं फोटो काढले त्यायनं. सगळ्यायले आपलं मानते ते लोकं." मी तक्त्यात दोन नंबरच्या पुढं मोठी बरोबरची खूण केली.

तिसरी संस्था सिरोंच्याच्या बाजूला, लांब. बस बदलून जावं लागतं. माय आदल्या दिवशी गेली, नात्यातल्या एका घरी राहिली, सकाळी तिथल्याच नदीवरची मासोळी टोपलीत भरून घेतली. परत आली ती अशी तापून, की चपला दारात न काढता थेट आत आली.

"फाटकातूनच हाकललं मले!"

फाटकावर एक चौकीदारीण होती. तेलुगू बोलणारी. मायनं टोपली उतरवायच्या आधीच ती हात हलवायला लागली, "वद्दु अम्मा, वद्दु." वद्दु म्हणजे नको, एवढं मायला कळतं. "मी म्हनलं, ताजी आहे. तं म्हने वद्दु. म्हनलं, घेऊ नको, पानी तं पाज. तं पानी देल्लं, पन ते बी फाटकाच्या जाळीतून! मंग वही आनली. नाव काय, गाव कोनतं, कोनाले भेटाचं. म्हनलं, मले लिहिता येत नाई. तं तिनं मलेच इचारून इचारून लिहिलं सगळं. मले वाटलं, आता सोडते. लिहून घेतलं, वही बंद केली, अन् मंग बी नाई सोडलं! सारी मासोळी बसस्टँडवर फुकटात वाटल्यासारखी इकली."

हे गाऱ्हाणं तिनं त्या आठवड्यात मोहल्ल्यातल्या चारही घरी सांगितलं. "मी चोर व्हय का?" हा त्याचा शेवट. मी तिसरं नाव खोडलं.

रविवारी मी त्या बाईंना ई-मेल लिहायला बसले. त्यांच्या मुलीचा पत्ता पत्रात होता. दुसरी संस्था घ्या असं लिहिलं आणि खाली कारणं लिहायला लागले. माझी आई न कळवता तिथं जाऊन आली, तिला कोणीही अडवलं नाही. ती थेट आत गेली, मुली आंघोळ करत होत्या तिथपर्यंत. मोटारीतून आलेल्या अनोळखी लोकांनी मुलींचे फोटो काढले.

लिहिलेलं परत वाचलं आणि हात थांबला. तोंडी ऐकताना जे प्रेमळ वाटलं होतं ते कागदावर तसं दिसेना.

माय विळ्यावर मासोळी साफ करत होती. मी विचारलं, "माय, त्या नळाजवळ तुझ्या जागी टोपली घेऊन दुसरं कोणी गेलं असतं तर?"

"कोन?"

"कोणीही. गडीमाणूस."

विळ्यावरचा तिचा हात चालतच राहिला. एक मासोळी झाली, दुसरी झाली. मग म्हणाली, "भाऊ बी असाच आला होता आपल्या गावात. आपन कोनी इचारलं नाई त्याले, कोन आहेस, कोनी धाडलं, फोटो कुठी जाते म्हनून. चा पाजला."

आणखी एक मासोळी झाली.

"त्या फाटकवालीनं मले इचारलं," ती म्हणाली. "मले लय राग आला. पन इचारलं तिनं."

मी ई-मेल पाठवला नाही. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या संस्थेला फोन केला, का यायचं आहे ते सांगितलं, दिवस ठरवून घेतला आणि आम्ही दोघी गेलो.

फाटकावर तीच बाई होती. मायला पाहताच तिनं दात काढले. "चेपल अम्मा!" मासोळीवाली अम्मा.

"आज बी वद्दु का?" माय कमरेवर हात ठेवून म्हणाली.

"वही," ती बाई म्हणाली. परत नाव, गाव, कोणाला भेटायचं. माझं ओळखपत्र पाहिलं. मग आमच्या पिशव्या फाटकाजवळच ठेवून घेतल्या आणि आम्हाला आत सोडलं. वाटेनं चालताना माय मागं वळून तिला म्हणाली, "नीट सांभाळ वो, पिशवीत सुके झिंगे आहेत."

वसतिगृह चालवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, आमच्याच भागातल्या, बोलायला अगदी सरळ. मायची मासोळी का घेतली नाही त्याचं कारण मागं गेल्यावर दिसलं. त्यांची स्वतःची एक छोटी बोडी, म्हणजे तळं, होती, तिच्यात मुलींसाठी मासोळी सोडलेली. मायनं पाण्याजवळ वाकून पाहिलं, "खाद्य कमी पडून राह्यलं, डोकं मोठं झालं मासोळीचं," असं ऐकवलं, आणि त्या बाईंनी ते खरंच वहीत लिहून घेतलं.

चोवीस मुली होत्या. शाळा साडेतीन किलोमीटरवर. मी विचारलं, सायकली आहेत? "सहा आहेत. पाळीनं नेतात. बाकीच्या चालत जातात, सोबत आमची एक बाई जाते." मी न विचारता त्यांनी हेही सांगितलं, की मागच्या दिवाळीला घरी गेलेल्या चार मुली परत आल्या नाहीत. त्या बाई स्वतः त्यातल्या दोघींच्या घरी जाऊन आल्या, एकीचं लग्न झालं होतं, एकीचा बाप ऐकला नाही. "हे मी अहवालात लिहिलं आहे. सगळं चांगलंच चाललंय असं लिहिलं तर मदत जास्त येते, पण मग त्या चार मुली कुठं लिहायच्या?"

मी त्यांना फोटोचं विचारलं. मदत करणाऱ्यांना मुलींचे फोटो जातात का?

"नाही. कोणालाच नाही. मोटारीनं येऊ देत नाहीतर विमानानं. मुलीचं नाव नाही, फोटो नाही. वर्षातून एकदा काय झालं, काय नाही झालं ते लिहून पाठवते, सोबत ऑडिटचा कागद."

"त्यायनं फोटो मांगतलाच तं?" मायनं विचारलं.

"तर त्यांना दुसरी जागा पाहा म्हणते."

दुपारी जेवायला बसवलं. भात, वरण, बोडीतल्या मासोळीचा रस्सा. वाढणाऱ्या मुलीच होत्या. आम्ही जेवलो, मुली जेवल्या, चौकीदारीण पाळी बदलून येऊन जेवली. सगळ्यांचं झाल्यावर त्या बाईंनी आपलं ताट घेतलं. रश्श्यात तोवर नुसतं पाणी आणि एक शेपटी उरली होती. मायनं मला कोपरानं असं ढोसलं, की माझ्या हातचं पाणी सांडलं.

निवड झाली होती. आता पत्र उरलं होतं.

ते मी चार वेळा लिहिलं. शेवटी साधंच लिहिलं. सायकल आली नव्हती. फोटोतली सायकल कार्यकर्त्यांची होती. मी रोज सायकलीनं जाते हे पत्र माझ्याच हातचं होतं आणि ते खोटं होतं. मी पडले नाही, कारण मी कधी बसलेच नाही. मी चालत गेले आणि माझी आई तीन वर्षं मासोळीची टोपली घेऊन माझ्यासोबत चालत आली. वह्या, गणवेश, फी मात्र खरोखर पोचलं. त्याशिवाय मी शिकू शकले नसते. मग संस्थेबद्दल लिहिलं. तिथून तुम्हाला कोणत्याही मुलीचा फोटो कधीच येणार नाही, हेही लिहिलं. माझ्या आईला त्यांनी आत घेतलं नाही, हे पहिलं कारण म्हणून लिहिलं.

एकोणीस दिवस उत्तर आलं नाही. माय रोज मी कामावरून आले की विचारायची, "आलं का सायकलवालीचं?" आणि मी नाही म्हटलं की, "येईन. म्हातारं मानूस आहे, लिहाले टाइम लागते."

एकदा मी चिडून म्हणाले, "तूच सांगितलंस खरं लिही. आता बस."

"बसलीच तं आहो," ती म्हणाली, आणि खरोखर दिवसभर घरीच बसली, फेरीला गेली नाही.

विसाव्या दिवशी उत्तर आलं. त्यांनी सांगितलेलं त्यांच्या मुलीनं टाईप केलं होतं. त्यांना रिबन तेव्हाच दिसली होती. एका वेणीला आहे, दुसऱ्या वेणीला नाही, आणि तशीच सायकलीला आहे. त्यांनी संस्थेला विचारलंही होतं. उत्तरात माझं पत्र गेलं, सायकल खूप आवडली म्हणून. लहान मुलीच्या अक्षरावर मी शंका घेतली नाही, असं लिहिलं होतं. ही ओळ मी मायला दोनदा वाचून दाखवली.

पुढं लिहिलं होतं, फोटो मी भिंतीवरून काढलेला नाही. सायकल तुझी नव्हती, पण मुलगी तूच आहेस. ज्यांनी तुझ्या आईला फाटकावर थांबवलं त्यांनाच द्यायचं ठरवलं आहे. मुलींचा फोटो मला नको. पण तुझी आई मोठी आहे, ती स्वतः हो म्हणाली तर तिचा एक फोटो मला मिळेल का?

मी मायकडे पाहिलं.

"मी का पोट्टी आहो? काढ," ती म्हणाली. हिरवं लुगडं नेसली, केस विंचरले, चुंबळ ठेवली, चुंबळीवर टोपली ठेवली. टोपली रिकामी चालणार नाही म्हणून शेजारून दोन रोहू मागून आणले. मी मोबाइल धरला तेव्हा शेजारचा पोरगा आपली सायकल घेऊन गल्लीतून चालला होता. माय फोटो थांबवून ओरडली, "ए, ते सायकल बाजूले घे पह्यले!"

तो फोटो त्या स्वयंपाकघरात जुन्या फोटोच्या बाजूला लागला, असं त्यांच्या मुलीनं कळवलं.

त्या बाईंची मदत पोचली, आणि या जूनपासून त्या वसतिगृहात तीस मुली राहतात. सायकली पंधरा आहेत, सगळ्या बिनदांड्याच्या, मुलींच्या उंचीच्या. यंदा दहावीला बसलेल्या पाचही मुली पास झाल्या आणि पाचही जणी अकरावीला गेल्या आहेत.